पाणी, पुणे आणि ६० एक्सेल फायली

मुंबईतल्या वॉर्डांमध्ये पाणी तुंबल्याच्या तक्रारींचा पाच वर्षांचा एकच तक्ता करायचा होता. किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती प्रलंबित राहिल्या, एवढंच. महिन्याला एक फाइल, म्हणजे ६० फायली. काम शनिवार-रविवारचं वाटलं होतं. प्रत्यक्षात साडेतीन आठवडे गेले, आणि त्यातला बहुतेक वेळ कॉलमच्या नावांनी खाल्ला. आकड्यांनी फारसा त्रास दिला नाही. कॉलमची नावं साफ, म्हणजे सगळ्या फायलींत सारखी, कशी करावीत यावर इंग्रजीत ढीगभर मजकूर आहे. पण ते तोडगे मराठी शीर्षकांवर चालवले की काय होतं, ते आधी कळलं असतं तर निम्मा वेळ वाचला असता. म्हणून हा क्रम जसा घडला तसा नोंदवला आहे.

सुरुवात ६ जानेवारीला, माहितीच्या अधिकारातल्या अर्जाने. कागदी अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांत बसवावा लागतो आणि एका अर्जात एकच विषय चालतो, त्यामुळे पाल्हाळाला जागा नसते. तरी एका वाक्यापुरती जागा राखून ठेवा: ‘माहिती मूळ एक्सेल फाइलच्या स्वरूपात द्यावी, पीडीएफ किंवा छापील प्रत नको.’ माहिती एरवी मागितलेल्या स्वरूपातच द्यावी असं कायद्याचं कलम ७(९) सांगतं, त्याचा उल्लेखही करा. हे वाक्य नसेल तर छापील कागद मिळण्याची शक्यता जास्त, आणि मग कॉलमच्या नावांपर्यंत पोचायलाच महिना जातो.

२७ जानेवारीला सीडीचे ५० रुपये भरायचं पत्र आलं. असं पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० दिवसांच्या मुदतीत धरत नाहीत, तेव्हा पत्र हातात पडलं की लगेच भरून मोकळं व्हावं. २९ तारखेला भरले, ६ फेब्रुवारीला सीडी मिळाली. आता लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह कुठे असतो? बाहेरून जोडायच्या ड्राइव्हसाठी लॅमिंग्टन रोड गाठण्याआधी नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याला विचारा. २० रुपयांत सगळं पेनड्राइव्हवर उतरवून मिळालं. एकूण खर्च ८० रुपये. पुढचं सगळं सॉफ्टवेअर फुकट.

८ फेब्रुवारीला पहिली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, चालवली. तिच्यात सगळीकडे सापडणारी ओळ होती: शीर्षकात जे अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर नाही त्याच्या जागी अंडरस्कोर घाल. स्क्रिप्ट विनातक्रार चालली. कॉलम पाहिले तर ‘तक्रारी’चं ‘तक_र_र_’ झालेलं आणि ‘क्रमांक’चं ‘क_रम__क’. थोडा वेळ फाँटवरच संशय घेतला.

फाँट निर्दोष होता. स्क्रिप्ट पायथन या प्रोग्रामिंग भाषेत होती. रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी, म्हणजे मजकुरातले नमुने शोधण्यासाठी, पायथनचं जे अंगभूत मॉड्यूल आहे, त्याचा ‘शब्दातलं अक्षर’ सांगणारा बॅकस्लॅश-डब्ल्यू फक्त अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर ओळखतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीत, काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त या सगळ्यांचा वर्ग ‘चिन्ह’ असा आहे, ‘अक्षर’ असा नाही. म्हणजे या मॉड्यूलच्या लेखी मराठीतली प्रत्येक मात्रा हा कचरा. ‘पाणी’चं ‘प_ण_’ होतं आणि ‘पुणे’चंही ‘प_ण_’च होतं. मुंबईकराने पुण्याचं पाणी केलं असा आरोप नको असेल तर ही ओळ मराठी शीर्षकांवर वापरू नये. गंमत अशी की ‘पाणी’ हे नाव व्हेरिएबल म्हणून चालेल का, असं त्याच पायथनला आयडेंटिफायर तपासणाऱ्या फंक्शनने विचारलं तर उत्तर ‘हो’ येतं. पायथन ३.० पासून, म्हणजे २००८ पासून, देवनागरी नावं मात्रांसकट चालतात. एकाच भाषेच्या दोन खिडक्यांवर दोन उत्तरं.

यावर दोन सरळ उपाय आहेत. ‘रिजेक्स’ नावाचं वेगळं पॅकेज बसवायचं. त्याची ‘शब्दातलं अक्षर’ची व्याख्या मात्रांना सामावून घेते. किंवा अंगभूत मॉड्यूलमध्येच युनिकोडमधल्या देवनागरी क्रमांकांचा पट्टा, ०९०० ते ०९७एफ, स्वतः लिहून द्यायचा. त्या पट्ट्यात ०९६४ आणि ०९६५ वर दंड आणि दुहेरी दंड बसलेले आहेत, ते वगळा. आणि फक्त ए ते झेड व शून्य ते नऊ ठेवणारी ओळ कुठून उचलली असेल तर ती तपासायचीही गरज नाही: सगळ्या मराठी शीर्षकांचे नुसते अंडरस्कोर होतात आणि समान लांबीची दोन शीर्षकं एकच बनतात.

शेवटी यातला एकही उपाय कामी आला नाही, कारण मूळ प्रश्न वेगळाच निघाला. तो कळला १० फेब्रुवारीला, जेव्हा साफसफाई थांबवून नुसती यादी करायची ठरवली.

यादी अशी केली. प्रत्येक शीट पांडासमध्ये (तक्ते हाताळणारं पायथनचं पॅकेज) ‘हेडर नाही’, म्हणजे शीर्षकांची ओळ नाही, असं सांगून वाचायची आणि पहिल्या ८ ओळीच घ्यायच्या. याला कारणं दोन. एक म्हणजे वरच्या ओळींत कार्यालयाचं नाव, विषय, महिना असतो, आणि खरं हेडर कधी तिसऱ्या ओळीत तर कधी पाचव्या. दुसरं म्हणजे पांडासला हेडर वाचू दिलं की तो परस्पर नावं बदलतो. रिकाम्या शीर्षकाला ‘अननेम्ड’ आणि आकडा चिकटवतो, दुसऱ्यांदा आलेल्या ‘एकूण’पुढे टिंब आणि एक लावतो. मूळ फाइलमध्ये काय होतं ते मग कळत नाही. जुन्या एक्सएलएस फायलींसाठी एक्सएलआरडी आणि नव्या एक्सएलएसएक्ससाठी ओपनपायएक्सएल, अशी दोन्ही पॅकेजं लागतात. एक्सएलआरडी दुसऱ्या आवृत्तीपासून नव्या फायली उघडत नाही.

प्रत्येक शीर्षक नुसतं छापायचं नाही, ‘रेप्र’ फंक्शनमधून छापायचं (आर, ई, पी, आर). न दिसणारी चिन्हं ते त्यांच्या कोडसह उघडी पाडतं: ऑल्ट-एंटर मारून तोडलेल्या ओळी, वेबपेजवरून चिकटवलेला न तुटणारा स्पेस, शून्य रुंदीचे जोडक (शेजारची अक्षरं कशी जोडायची ते सांगणारी चिन्हं). इथे एक बारीक गोष्ट. पायथनचं ‘स्ट्रिप’ कडेचा न तुटणारा स्पेस काढतं, पण २००बी हा शून्य रुंदीचा स्पेस आणि फाइलच्या सुरुवातीला येणारं एफईएफएफ हे चिन्ह काढत नाही. ते त्याच्या मते स्पेस नाहीतच.

यादी तयार झाली तेव्हा खरे कॉलम १२ होते आणि त्यांची वेगवेगळी रूपं १४३. त्यातली निम्म्याहून जास्त डोळ्यांना अगदी सारखी दिसत होती. हा शोध वैतागाचाही होता आणि सुटकेचाही: आपली स्क्रिप्ट वेडी नाही, एवढं तरी कळलं.

सगळ्यांत जास्त घोळ ‘कर्मचाऱ्यांची संख्या’ या कॉलमचा. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक प्रकार म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर (०९३१), मग हलन्त, मग य. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक (२००डी), मग य. पडद्यावर ‘कर्मचाऱ्यांची’ आणि ‘कर्मचार्‍यांची’ जुळी भावंडं. संगणकाला दोन अनोळखी माणसं. पहिलं पायथनला व्हेरिएबलचं नाव म्हणून चालतं, दुसरं चालत नाही, कारण जोडक तिथे निषिद्ध आहे. मग सगळे जोडक पुसून टाकावेत असं वाटतं. तसं केलं की ‘कर्मचार्यांची’ उरतं, आणि ते तिसरंच रूप होतं. आधी ‘र, हलन्त, जोडक’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, हलन्त’ ठेवायचं; उरलेले जोडक त्यानंतर काढायचे. क्रम चुकला की माहिती गेली.

एकच चिन्ह वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर युनिकोडचं एनएफसी रूपांतर त्याचं एक रूप करतं, पण यातलं ते थोडंच काम करतं. साधा र आणि खाली नुक्ता असं कुणी टाइप केलं असेल तर ते त्याचा ऱ करतं, पण जोडकवाल्या रूपाला हात लावत नाही. ‘ॲपवरील तक्रारी’मधल्या ॲचंही तेच. ०९७२ वरचं स्वतंत्र ॲ आणि ‘अ’वर चंद्र देऊन बनवलेलं ॲ ही युनिकोडच्या दृष्टीने एकच गोष्ट नाही, तेव्हा एनएफसी दोघांना तसंच सोडतं. ते बदल हातानेच लिहावे लागतात.

विसर्ग हा आणखी एक सापळा. ‘अंशतः निकाली’ हे ६० पैकी ३८ फायलींत विसर्गाच्या जागी कोलन देऊन लिहिलेलं होतं. कोलन हे विरामचिन्ह, त्यामुळे विरामचिन्हं काढणाऱ्या कुठल्याही ओळीने त्याचं ‘अंशत निकाली’ केलं असतं.

आणि मग ७ फायली अशा, ज्या एक्सेलमध्ये सुरेख मराठी दाखवत होत्या, पण पायथनमध्ये रोमन अक्षरं, कंस आणि टक्केचिन्हांचा काला. या जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटच्या फायली. पेशीत साठवलेली असतात रोमन चिन्हं, मराठी आकार फक्त फाँट देतो. ओळखायची युक्ती सोपी: ओपनपायएक्सएलने हेडरच्या पेशीच्या फाँटचं नाव विचारा. १३ ते १५ फेब्रुवारी हे तीन दिवस फाँट बदलून देणारं साधन शोधण्यात वाया गेले; प्रत्येक फाँटची जुळणी वेगळी असते आणि जोडाक्षरांत गडबड होते. नंतर लक्षात आलं की फक्त शीर्षकं हवी आहेत. ती ७ फायलींत मिळून १९ निघाली. समोर एक्सेल उघडून, कुठल्या काल्याचा अर्थ काय, हे हाताने लिहायला २५ मिनिटं लागली. मात्र या फायलींत टक्केचिन्ह आणि कंस हीच अक्षरं असतात. साफसफाई आधी केली तर ओळखायला काही उरतच नाही.

तिथेच पूर्ण पद्धत बदलली. १७ फेब्रुवारीपासून साफसफाई बंद, जुळवणी सुरू. एक साधी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकुराची फाइल) केली, तिला नकाशा म्हणू. डाव्या बाजूला मूळ शीर्षक, उजव्या बाजूला आपलं ठरलेलं नाव. स्क्रिप्ट आधी मूळ शीर्षक जसंच्या तसं नकाशात शोधते. जुन्या फाँटची शीर्षकं इथेच जुळतात. नाही सापडलं तर त्याची तुलनेपुरती एक प्रत बनवते: एनएफसी, मग ऱची तिकडी, मग ॲ, मग तकारापुढच्या कोलनचा विसर्ग, मग उरलेली शून्य रुंदीची चिन्हं बाहेर, शेवटी ‘स्प्लिट’ आणि ‘जॉइन’ने सगळ्या मोकळ्या जागांचा एकेक स्पेस. ही प्रत नकाशात शोधायची. तरीही नाही सापडलं तर फाइल, शीट, कॉलम आणि रेप्र छापून स्क्रिप्टने थांबायचं. अंदाज करायचा नाही. एवढं केल्यावर १४३ रूपांच्या ६१ ओळी उरल्या.

हा नकाशा एक्सेलमधून साठवत असाल तर यादीतला ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा. साधी सीएसव्ही निवडली की देवनागरीची सरसकट प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत. त्या पर्यायाने साठवलेल्या फाइलच्या सुरुवातीला एफईएफएफ हे चिन्ह येतं. पायथनच्या सीएसव्ही मॉड्यूलने वाचताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, नाहीतर पहिल्याच कॉलमचं नाव ‘सापडत नाही’ म्हणून तासभर डोकं खाजवाल.

शुद्धलेखनाच्या फरकांसाठी, म्हणजे ‘प्रलंबित’ आणि ‘प्रलंबीत’साठी, अंदाजाने जुळवणारी पायथनची डिफलिब वापरायचा मोह झाला होता. या जोडीला ती १ पैकी ०.८८ गुण देते. ‘प्राप्त’ आणि ‘अप्राप्त’ला देते ०.९३. चुकीच्या जोडीला जास्त गुण! डिफलिबने फक्त सुचवावं, नकाशात ओळ माणसाने घालावी.

दुमजली हेडर हा वेगळा विषय आहे, थोडक्यात सांगायचं तर असा. वर ‘तक्रारी’ ही जोडलेली पेशी, खाली ‘प्राप्त’, ‘निकाली’, ‘प्रलंबित’. वाचताना ‘तक्रारी’ फक्त पहिल्या पेशीत येतं, बाकीच्या रिकाम्या. वरची ओळ उजवीकडे भरत नेणं हा नेहमीचा उपाय, पण तो शेजारच्या खरोखर रिकाम्या शीर्षकावरही ‘तक्रारी’ चढवतो. ओपनपायएक्सएल जोडलेल्या पेशींची यादी देतं, ती वापरा; फाइल ‘फक्त वाचन’ पद्धतीने उघडली असेल तर ती यादी मिळत नाही. एक्सएलआरडीत फाइल उघडताना फॉरमॅटिंगची माहिती मुद्दाम मागावी लागते.

२० फेब्रुवारीला वॉर्डांची पाळी आली. ९ फायलींत वॉर्ड ओळींत नसून कॉलम म्हणून आडवे मांडलेले: ‘के/पूर्व’, ‘के/पश्चिम’, ‘जी/उत्तर’, ‘जी/दक्षिण’. तिरप्या रेघेपुढचा भाग उडवला की दोन के एक होतात, म्हणजे अंधेरीची पूर्व-पश्चिम रेल्वे रूळ ओलांडून एकत्र. रेघ ठेवली आणि कॉलमच्या नावाने वेगळी फाइल साठवायला गेलं की ‘के’ नावाचा फोल्डर सापडत नाही अशी तक्रार येते. एक्सेलच्या शीटच्या नावातही तिरपी रेघ चालत नाही, आणि ३१ अक्षरांची मर्यादा आहे ती वेगळी. इंग्रजीत लिहिलेला टी वॉर्ड, आपलं मुलुंड, सगळ्यांत बेरकी. पांडासमध्ये टिंब देऊन टी लिहिलं की मुलुंडचा कॉलम मिळत नाही, अख्खा तक्ता आडवा-उभा होऊन समोर येतो, कारण टी हे तक्ता उलटवण्याचं नाव आहे. कॉलम नेहमी चौकटी कंसात, अवतरणचिन्हांत मागावा. वॉर्डांसाठी खरा उपाय पांडासचं ‘मेल्ट’: वॉर्डांना कॉलमच्या नावांतून बाहेर काढून ‘वॉर्ड’ या एका कॉलममधली मूल्यं करायची. मूल्यात तिरपी रेघ खुशाल राहू दे.

२४ फेब्रुवारीला पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरायला घेतलं, मराठी नावांसकट. पोस्टग्रेस देवनागरी नावं अवतरणाशिवायही घेतं, तिथे अडलं नाही. अडलं लांबीत. नावाची मर्यादा ६३ बाइट आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. म्हणजे जेमतेम २१ चिन्हं. ‘पाणी_तुंबल्याच्या_तक्रारींची_एकूण_संख्या’ आणि ‘पाणी_तुंबल्याच्या_तक्रारींची_निकाली_संख्या’ ही दोन्ही नावं कापली जाऊन ‘पाणी_तुंबल्याच्या_तक्र’ उरतात, आणि एकच कॉलम दोनदा दिल्याची चूक येते. ही चूक आली ते नशीब. लांब नाव एकच असतं तर बारीकशी सूचना देऊन पोस्टग्रेसने ते गुपचूप कापलं असतं.

तेव्हा नकाशाच्या उजव्या बाजूला छोटी, लहान लिपीतली रोमन नावं घेतली आणि पूर्ण मराठी शीर्षकं एका वेगळ्या तक्त्यात, दाखवण्यासाठी. मराठीच्या अभिमानाला थोडं लागलं, पण काम करणाऱ्या सगळ्यांकडे सारखा कीबोर्ड नसतो. रोमन नावांत कॅपिटल अक्षर ठेवू नका. अवतरणाशिवाय लिहिलेलं नाव पोस्टग्रेस लहान लिपीत करतं आणि मग ‘असा कॉलम नाही’ म्हणतं. ‘ऑर्डर’, ‘ग्रुप’, ‘यूजर’ ही नावंही टाळा. पहिली दोन चूक तरी दाखवतात. ‘यूजर’ अवतरणाशिवाय मागितलं की चूक न दाखवता प्रत्येक ओळीत तुमचं स्वतःचं लॉगिनचं नाव येतं.

चिन्हांचं भाषांतरही नकाशातच करावं. ‘निकाल’ आणि ‘निकाल %’ या दोन कॉलममधलं टक्केचिन्ह उडवलं की दोन्ही एक. नकाशात दुसऱ्याचं नाव ‘निकाल टक्के’ अशा अर्थाचं ठेवलं. तरीही भरण्याआधी उजव्या बाजूचं एखादं नाव एकाच फाइलमध्ये दोनदा आलंय का, हे स्क्रिप्टने तपासायलाच हवं.

शेवटची तपासणी नावांची नव्हती, बेरजेची होती: प्राप्त म्हणजे निकाली, अंशतः निकाली आणि प्रलंबित यांची बेरीज. ६० पैकी दोन फायलींत ती चुकली. दोन्ही जुन्या फाँटच्या, आणि दोन्हींत ‘प्राप्त’ आणि ‘प्रलंबित’च्या काल्याची हाताने लिहिलेली ओळ अदलाबदल झालेली. चूक आमचीच. २ मार्चला तक्ता पूर्ण झाला.

एप्रिलमध्ये पुढच्या तीन महिन्यांच्या फायली आल्या. दोन सरळ आत गेल्या. तिसरीवर स्क्रिप्ट थांबली आणि कारण छापलं: कॉलम ‘एल’, शीर्षक ‘अभिप्राय’, नकाशात नाही. एक्सेल उघडून पाहिलं, ‘शेरा’च होता तो. नकाशात ६२वी ओळ घातली आणि पुन्हा चालवली.